भिंतीवरचा म

भिवापुरी मिरच्या वाळायला किती दिवस लागतात? चार, फार तर पाच. सक्करदऱ्याच्या शामलाबाईंच्या मिरच्या चौऱ्याहत्तरच्या उन्हाळ्यात महिनाभर वाळत होत्या. रोज ऊन उतरलं की बाई सूप घेऊन मागच्या अंगणात जायच्या, लोखंडी बकेट उपडी घालायच्या, तिच्यावर चढायच्या आणि दोन घरांमधल्या भिंतीवर सूप ठेवून मिरच्या खालीवर करत राहायच्या. ऊन गेल्यावर मिरच्या वाळवणारी बाई अख्ख्या नागपुरात ही एकच!

मिरच्या आपल्या नावाला. भिंतीपलीकडे धाकटी जाऊ गोपिका लहान पोरांना गाणं शिकवायची, आणि त्या पोरांत शामलाबाईंची पोटची पोर सुमती बसायची.

बरं, गोपिकाला गाणं शिकवलं कोणी? शामलाबाईंनीच! उमरेडहून लग्न होऊन आली तेव्हा तिचा गळा गोड होता, एवढंच. शामलाबाई संगीत विशारद. त्यांनी तिला पेटीसमोर बसवलं, सूर कळेपर्यंत घासून घेतलं. आणि आज शामलाबाईंच्या बैठकीतली सतरंजी रिकामी, अन् हिच्या जिन्यावर पोरं मावत नाहीत. ज्याचं करावं भलं, तो म्हणतो माझंच खरं.

आणि हिचं शिकवणं तरी काय? गोष्टी! गच्चीच्या जिन्याच्या सात पायऱ्यांवर सात पोरं बसवायची. खालच्या पायरीवर सा, म्हणजे आजी. दारात बसली ते बसली, जागची हलत नाही. पाचव्या पायरीवर प, म्हणजे पाटील. त्यालाही गुडघेदुखी, तोही हलत नाही. रे, ग, ध, नि ही घरची लेकरं. रुसली की थोडी खाली सरकतात, म्हणजे कोमल होतात. चौथ्या पायरीवरची म तेवढी वर जाणारी. तिला पाटलाच्या अंगणात काय चाललंय ते पाहायचं असतं, म्हणून ती टाचा उंचावते. झाला तीव्र मध्यम!

"शास्त्राचा चिवडा करून टाकला हिनं," शामलाबाई नवऱ्यापाशी फणफणायच्या.

रुपराव पेपरातून डोकं वर न काढता म्हणायचे, "काहून जळते वं? लेकरं शिकूनच राहिली ना?"

"मी कशाले जळू? माझं काय अडलं?"

पण बाई जळत होत्या, चांगल्या जळत होत्या. तव्यावर पोळी करपायची आणि कानात जिन्यावरचं हसू असायचं. सुमती सात वर्षांची. आईसमोर पेटीवर बसली की तिचा तीव्र मध्यम काही केल्या लागायचा नाही. एक तर खाली घसरायचा, नाही तर थेट पंचमावर जाऊन आदळायचा. "पुन्हा!" बाई म्हणायच्या. "पुन्हा!" एकदा तर पट्टी उगारली. मग एके दिवशी नुसती पेटी उघडल्याबरोबर पोर रडायला लागली, आणि त्यानंतर जी काकूच्या जिन्यावर जाऊन बसली ती बसलीच. घरात गुणगुणणंसुद्धा बंद. स्वतःच्या मुलीचं गाणं ऐकायला आईनं बकेटवर चढायचं! हे दुखणं सांगणार तरी कोणाला?

महिना भरत आला, त्या दिवशी बाईंनी ठरवूनच टाकलं होतं. पोरगी म वर आली आणि चुकली, की सगळ्यांदेखत हाताला धरून घरी आणायची. गोपिकाच्या गोष्टींचा निकाल एकदाचा लागू दे. खरं सांगायचं तर लेकीचा सूर चुकावा म्हणून आईनं त्या दिवशी देव पाण्यात ठेवले होते.

पलीकडे गोपिकानं विचारलं, "हं, आता म कोण होते?"

"सुमती! सुमतीच भारी करते!" सगळा जिना ओरडला.

सुमती चौथ्या पायरीवर उभी राहिली. तिनं फ्रॉकचं टोक पदरासारखं कमरेला खोचलं. एक हात हवेतल्या भिंतीवर टेकवला, दुसऱ्या हातानं हवेतच काहीतरी खालीवर केलं. मग नाक आक्रसून एक सणसणीत शिंक दिली. पोरं खदखदून हसली. तिनं टाचा उचलल्या, मान उंच केली आणि सूर लावला.

लागला! स्वच्छ, नेमका. शामलाबाईंच्या तोंडून "वा!" निघता निघता राहिलं. एवढ्यात मिरच्यांचा खकाणा नाकात गेला, त्यांना शिंक आली, आणि त्यांच्या ध्यानात सगळं आलं. खोचलेला पदर, भिंतीवरचा हात, ती शिंक! महिनाभर पोरांना ठाऊक होतं. सुमतीलाही.

बाई बकेटवरून उतरल्या आणि फाटकातून तरातरा आत शिरल्या. गोपिकाचा चेहरा उतरला.

"बाई, मी नाही सांगितलं हो. मी म्हटलं होतं, म ले पाटलाच्या अंगणातल्या चिंचा पाहिजे असतात. पोरांनीच तुम्हाले म केलं..."

"राहू दे वं तुझं! सुमे, चाल घरी!"

घरी त्यांनी पेटी काढली. "लाव म."

सुमतीनं लावला. घसरला.

"पुन्हा."

पुन्हा घसरला. पोरीच्या डोळ्यांत पाणी जमा झालं. बाईंना तिथं जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. त्यांनी तर मगाशी हेच मागितलं होतं.

"तिथं कसा लागला मग?" त्यांनी विचारलं. आवाज त्यांना वाटला होता तेवढा चढला नाही.

सुमती पेटीकडे बघत म्हणाली, "तू अशी समोर बसली का मले भेव लागते. तिथं तू भिंतीवर राहते ना, तवा लागते. तू मलेच पाहाले येते, मले माहीत आहे."

शामलाबाईंनी भाता बंद केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मिरच्या डब्यात भरल्या. संध्याकाळी पलीकडे आ-आ सुरू झालं. रुपराव पाहत होते. बाईंनी रिकामं सूप उचललं, मागच्या अंगणात गेल्या, बकेट उपडी घातली आणि चढल्या.

गोपिकानं वर पाहिलं. दोघींची नजर भेटली.

"बाई, फाटकातून या ना. इथं खुर्ची टाकतो."

शामलाबाईंच्या पोटात अजूनही तीच आग होती, तीळभर कमी झाली नव्हती. हा जिना माझा असायला हवा होता, त्यांना वाटलं, ही गोष्ट मला सुचायला हवी होती.

"नाही वं," त्या म्हणाल्या. "मी इथंच बरी."

चौथ्या पायरीवर सुमती पाठमोरी उभी होती. तिनं मागं वळून पाहिलं नाही. नुसत्या टाचा उचलल्या.