मार्नीचा न खणलेला वाफा

मी वाफा. फळ्यांच्या चौकटीत बसलेली माती, दुसरं काही नाही. गोड बोलायला मला येत नाही आणि या वयात शिकायची इच्छाही नाही. मेंडोसिनोच्या डोंगरात, ओकच्या झाडांखालच्या उतारावर मी पडलेलो आहे. माझ्यात गांजा पिकायचा. ज्याला नाक मुरडायचं असेल त्यानं आत्ताच मुरडून घ्यावं, मध्येच उठून जाऊ नये.

मला मार्नीनं केलं. तिचा नवरा गस, त्यानं रेडवूडच्या फळ्या कापून चौकट ठोकली, तेवढंच त्याचं काम. माझ्या पोटात काय घालायचं ते सगळं मार्नीनं ठरवलं. तळाला कुजके ओंडके, त्यावर ओकचा पाला, शेळ्यांच्या लेंड्या, समुद्रावरून पोत्यात भरून आणलेलं शेवाळ, खेकड्यांची कवचं. वास असा सुटला की गस नाकाला रुमाल बांधून फिरत होता.

"बाई, हे शेत आहे की मासळीबाजाराचं परसदार?"

"तुझ्या मोज्यांपेक्षा बरा वास आहे," मार्नी म्हणाली.

मग तिनं त्याच्या हातातलं फावडं काढून घेतलं, खोपटात भिंतीला टेकवून ठेवलं आणि बजावलं, "याच्यात परत फावडं घालायचं नाही. कधीच नाही."

तो तिचा नियम. आजूबाजूचे लोक दर वर्षी जमीन उलटीपालटी करायचे, पोत्यातलं खत ओतायचे, आणि पुढच्या वर्षी जमीन दगडासारखी झाली म्हणून जमिनीलाच शिव्या द्यायचे. मार्नी मला खणायची नाही. हंगाम संपला की झाड बुडाशी कापायची आणि मुळं माझ्यातच राहू द्यायची. गांडुळं ती मुळं खायची. मुळं गेली की त्यांच्या जागी बोगदे राहायचे आणि पुढच्या झाडाची मुळं त्याच वाटेनं खाली उतरायची. पांढऱ्या बुरशीची जाळी या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरलेली. द्यायचं ते सगळं वरून. गवत अंथरायचं, पाला टाकायचा, पाणी शिंपायचं. मी सावकाश ओढून घ्यायचो. माझं सगळं आयुष्य असं जेवण्यात गेलं. फक्त एक आहे, मला ताट परत सारता येत नाही. जो वाढतो त्यानंच बघून वाढायचं.

त्या काळी हे सगळं चोरून चालायचं. एकदा डोक्यावर हेलिकॉप्टर घिरट्या घालून गेलं आणि दुसऱ्या दिवशी खाकी कपड्यांतली माणसं कोयते घेऊन आली. झाडं बुडाशी सपासप कापली, गाडीत घातली, नेली. मार्नी पायरीवर बसून रडत होती. गस म्हणाला, "रडतेस काय? मुळं ठेवून गेलेत. तुझ्याच पद्धतीनं शेती करतात बिचारे." रडता रडता ती इतकी हसली की तिला ठसका लागला. माणसांचं मला हेच कळत नाही.

पुढं कायदा बदलला, गांजा उघड लावायची मुभा झाली. खाली दरीत मोठ्या लोकांनी त्यासाठी काचेची घरं उभारली आणि डोंगरावरचे लहान लोक एकेक करून उठले. गस वारला. आम्ही वाफे पाच-सहा होतो, बाकीच्यांवर मार्नीनं रान वाढू दिलं आणि मला एकट्याला ठेवलं. विकायला नव्हे. स्वतःच्या सांध्यांना चोळायला, आणि कुणी दारात आलं तर त्याला द्यायला.

बी तिचं स्वतःचं होतं. तरुणपणी एका मैत्रिणीनं मूठभर दिलेलं. बाकीचे लोक नर झाड दिसलं की उपटतात, तुऱ्यांत बी भरू नये म्हणून. मार्नी दर काही वर्षांनी एक नर राहू द्यायची, त्यापासून बी धरायची आणि काचेच्या बरणीत घालून तळघरात ठेवायची. त्या झाडाच्या तुऱ्यांना पिकलेल्या पेअरसारखा वास यायचा, आणि मागून ओल्या लाकडाचा. तसं झाड दुसऱ्या कुणाकडं नव्हतं. तिनं त्याला नावही ठेवलं नव्हतं. नुसतं 'आपलं' म्हणायची.

मार्नीला एक खोड होती. कुणी माझ्यासाठी काही घेऊन आलं की आधी त्याची उलटतपासणी. शेळीवाली लेंड्या घेऊन आली तर, "शेळी काय खाते? जंताचं औषध दिलंस का? कधी?" पालावाला आला तर, "कुठल्या झाडाखालचा? रस्त्याकडेचा तर नाही ना?"

शेळीवाली एकदा वैतागून म्हणाली, "मार्नी, मला पोलिसांनी पकडलं तेव्हा त्यांनीसुद्धा इतकं विचारलं नव्हतं गं."

"त्यांना ते खायचं नव्हतं. याला खायचंय," मार्नी म्हणाली आणि माझ्याकडं बोट केलं.

मला बरं वाटलं होतं. आता सांगून काय उपयोग, पण वाटलं होतं.

उताराच्या खाली वेंडेल राहतो. डोक्यावर मळकी टोपी, बोलणं कुऱ्हाडीसारखं. त्याच्यात आणि गसमध्ये झऱ्याच्या पाण्यावरून जुंपली होती. कोरड्या सालात पाणी अचानक बंद झालं. गस म्हणाला वेंडेलनं नळ फिरवला, वेंडेल म्हणाला गसनं. पाइप अस्वलानं चावला होता, हे नंतर कळलं. पण तोवर दोघं एकमेकांना इतकं बोलले होते की आता अस्वलावर ढकलणं दोघांनाही कमीपणाचं वाटलं. दोन्ही घरांचं बोलणं तुटलं ते तुटलंच. गसला पुरलं त्या दिवशी वेंडेल वळणावर टोपी काढून उभा होता, वर आला नाही.

मग वेंडेलची बायको थिया आजारी पडली. तिचं अन्न तुटलं. मार्नीला कुणाकडून तरी कळलं. तिनं माझ्यातल्या झाडाच्या तुऱ्यांचं तेल काढलं, लहान बाटलीत भरलं आणि खाली जाऊन वेंडेलच्या फाटकाच्या खांबावर ठेवून आली. हाक मारली नाही. काही दिवसांनी तीच बाटली रिकामी, धुऊन पुसून, खांबावर दिसली. तिनं भरलेली ठेवली. असं वर्षभर चाललं. त्या तेलावर थियाला चार घास जायचे. तोंडानं एक शब्द न बोलता दोन घरांत येणंजाणं सुरू झालं होतं.

थिया हिवाळ्यात गेली.

वसंतात वेंडेलची गाडी घुरघुरत वर आली. मागं वाळल्या गवताचे गठ्ठे रचलेले. तो उतरला, टोपी काढली, परत घातली.

"तुझ्या त्या वाफ्याला आणलंय," तो म्हणाला. "थियानं सांगितलं होतं. म्हणाली, मार्नी त्याला गवत घालते, तर तू ने. रिकाम्या हातानं वर जाऊ नकोस म्हणाली."

"रिकाम्या हातानं आला असतास तरी चाललं असतं, गाढवा."

"मला नसतं चाललं."

मार्नी गठ्ठ्याजवळ गेली. मूठभर गवत उपसलं, नाकाशी धरलं. तिचं तोंड उघडलेलं मी पाहिलं. प्रश्न अगदी ओठावर होता. कुठलं गवत? कुणाचं शेत? काय फवारलं होतं? सगळ्या जगाला विचारायची, ते फक्त वेंडेलला विचारायचं बाकी होतं.

वेंडेल तिच्याकडं बघत होता. गठ्ठे उतरवायला हात पुढं केलेले, पण तिनं हो म्हटल्याशिवाय हलत नव्हता.

तिनं तोंड मिटलं.

"छान आहे रे," ती म्हणाली. "उतरव. कॉफी टाकते."

मी तिला दोष देत नाही. पण खायचं मला होतं.

तिनं ते गवत माझ्यावर जाड अंथरलं. पावसाच्या सरी आल्या, त्याचा अर्क माझ्यात उतरला. मग तिनं बरणी आणली. गसच्या आजारपणात आणि पुढंही तिनं बी धरलं नव्हतं, त्यामुळं होतं ते जुनं होऊन चाललं होतं. "आता वाट बघण्यात अर्थ नाही," ती मला म्हणाली. माझ्याशी बोलायची ती. "तूही म्हातारा, मीही म्हातारी. सगळंच लावू या आणि यंदा नवं बी धरू." खिडकीत माती भरलेल्या पेल्यांमधून बी पेरून तिनं बरणी रिकामी केली. उगवली ती चारच रोपं. चारही माझ्यात लावली.

आधी बरी वाढली. मग नवी पानं यायला लागली ती बारीक, मुडपलेली, पाखराच्या नखांसारखी. शेंडे पिळवटले. मार्नीला वाटलं पाणी जास्त झालं. मग वाटलं थंडी लागली. रोज सकाळी यायची, गुडघ्यांवर बसायची, एकेक पान बोटानं उलगडून बघायची. ते पुन्हा मिटायचं. मला कळत होतं. ते गवत तोंडात घेतल्यापासून कळत होतं. माझी गांडुळं ठीक, बुरशी ठीक, आणि झाडांची मुळं मात्र माझ्यात भाजल्यासारखी आखडत होती.

शेवटी तिनं दोन कुंड्यांत घेवडा पेरला. एकीत नुसती माती, दुसरीत मातीवर ते गवत. पहिलीतला घेवडा सरळ आला. दुसरीतल्याची पानं मुडपली.

त्या दिवशी ती माझ्या फळीवर बसून राहिली. दुपार झाली, सावली फिरली, तरी उठली नाही.

वेंडेल आता दर रविवारी यायचा. पायऱ्यांवर बसून कॉफी प्यायचा, थियाचं बोलायचा, गसला अजून शिव्या घालायचा, पण मायेनं.

"झाडांना काय झालं गं?" त्यानं एकदा विचारलं.

"ऊन लागलं," मार्नी म्हणाली.

सगळा उन्हाळा तिनं ऊनच सांगितलं. चारही झाडं गेली. तुरा नाही, बी नाही.

पानगळीच्या सुमारास वेंडेलची गाडी परत वर आली. मागं गठ्ठे. या वेळी दुप्पट.

"तुझ्या म्हाताऱ्याला भूक लागली असेल," तो हसत म्हणाला.

"वेंडेल, ते उतरवू नकोस."

"का?"

"नको मला."

त्याचा चेहरा उतरला, मग तापला. "परत पाण्याचं काढलंस? सरळ सांग की. माझ्या हातचं नको म्हण."

मार्नी आत गेली, दोन्ही कुंड्या घेऊन आली आणि त्याच्या गाडीच्या टपावर शेजारी शेजारी ठेवल्या. घेवडे आता वाळले होते, तरी सरळ कुठला आणि मुडपलेला कुठला हे आंधळ्यालाही कळलं असतं.

"यात तुझं गवत आहे," ती म्हणाली. "यात नाही."

वेंडेलनं मुडपलेल्या घेवड्याची कुंडी जवळ ओढली. "दरीतल्या त्या गवतवाल्यानं काटेरी तण मारायला काहीतरी फवारलं होतं," तो हळू म्हणाला. "गाई खातात, काही होत नाही म्हणाला."

"गाईंना होत नाही."

"तू का नाही विचारलंस? तू तर शेणाला सुद्धा कुणाचं आहे विचारतेस!"

"तू थियाचं नाव घेतलंस."

वेंडेल माझ्या फळीवर बसला. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "बी तरी आहे ना मागं?"

मार्नीनं मान हलवली. नाही.

शेतीखात्यातली एक बाई माझा डबाभर नमुना घेऊन गेली. परत आली तेव्हा म्हणाली, तुमच्या मातीतले जीवच ते विष हळूहळू खाऊन संपवतील, पण त्यांना हवा लागेल. म्हणून खणा. उलटून टाका, ओल ठेवा, दोन-तीनदा करा. गवताच्या जातीचं पेरा, त्याला हे बाधत नाही. आणि दर वसंतात घेवडा लावून बघा.

"खणू?" मार्नी म्हणाली.

"दुसरा उपाय नाही, बाई."

खोपटातलं फावडं वेंडेलनं आणलं. गसचंच. इतक्या वर्षांत गंजलं होतं. मार्नी म्हणाली, "मी आत जाते. मला बघवणार नाही." पण गेली नाही. खुर्ची पाठमोरी करून बसली आणि प्रत्येक फावड्याच्या आवाजाला तिचे खांदे हलत होते.

मला काय झालं ते फार सांगत नाही. बोगदे कोसळले. जाळी तुटली. वर्षानुवर्षं अंधारात राहिलेलं उन्हात आलं. वेंडेल एकेक गांडूळ उचलून बाजूला ठेवत होता आणि स्वतःशीच पुटपुटत होता, "माफ कर रे. माफ कर." कुणाला म्हणत होता कोण जाणे.

पहिल्या वसंतात घेवडा मुडपला. दोघांनी बघितला. त्यानं पुन्हा खणलं. दुसऱ्या वसंतात थोडा मुडपला. "बरा आहे," मार्नी म्हणाली. तेव्हा तिला श्वास पुरत नव्हता, वेंडेल तिला हाताला धरून आणायचा. "आणखी एक साल, वेंडेल."

"तू बस गप. मी आहे ना."

आणखी एक साल तिला मिळालं नाही. ओकखाली गसच्या शेजारी ती आहे. या वेळी वेंडेल वळणावर थांबला नाही.

यंदा घेवडा आला. वेंडेल सकाळी येऊन गुडघ्यांवर बसला, तिच्यासारखाच. पान बोटांत धरलं. पान सपाट, हिरवंगार, कुठं मुडप नाही. त्यानं मागं वळून तोंड उघडलं, सांगायला. खुर्ची तिथंच आहे, पाठमोरी. त्यानं तोंड मिटलं.

तर असं आहे. मी बरा झालो. वरून टाकलेलं पुन्हा खातो, नवी जाळी विणतो. आणि माझ्यात लावायला जे हवं ते जगात कुठं उरलेलं नाही. पेअरचा तो वास मला अजून आठवतो, पण आठवून झाड उगवत नाही.

तुमच्याकडंही कुणीतरी असेल, जे वाढाल ते मुकाट्यानं खाणारं. त्याच्या ताटात काही टाकण्याआधी विचारा. समोरच्याचा चेहरा पडला तरी विचारा. पडलेला चेहरा कॉफीनं सावरतो.

वेंडेल घेवड्याला काठ्या लावतोय. खणायचं नाही म्हणून काठ्यासुद्धा चौकटीच्या बाहेर रोवतो. फावडं त्यानं परत खोपटात ठेवलंय, भिंतीला टेकवून, जिथं मार्नीनं ठेवलं होतं तिथंच.