तांबडी साय

सावरगावच्या भैय्याजींची जुनी विहीर खचली. नवी खणली, तर पाणी गंजलेल्या खिळ्यासारखं तांबडं! त्याचा चहा करावा तर शाईसारखा काळा. मग काय, भैय्याजींनी लेकीची, वच्छलेची, शाळा बंद केली आणि तिच्या कमरेवर पाण्याचा गुंड दिला.

जाम नदीच्या वाळूत उकरलेल्या झिऱ्यातून ती वाटीवाटीनं पाणी भरायची, तेव्हा पलीकडे पांढुर्ण्यात शाळेची घंटा वाजायची. नदी हातभर, अन् शाळा जणू विलायतेत!

नागपूर आता मुंबई राज्यात जाणार, हा भाग मध्य प्रदेशातच राहणार, म्हणून तिच्या शाळेतल्या अनुराधाबाई नागपूरला बदली घेऊन निघाल्या होत्या. जाता जाता त्यांनी एक युक्ती सांगितली. छिद्राच्या मडक्यात वाळू भरायची, विहिरीचं पाणी थेंबथेंब गाळायचं. वाळूवर तांबडी, बुळबुळीत साय धरेल. "त्यात डोळ्याला न दिसणारे जीव असतात. पाण्यातलं लोखंड तेच धरून ठेवतात. साय हलवू नकोस हं."

भैय्याजी म्हणाले, "दिवाळीले त्या पान्याचा चहा पिईन. लाल निघाला तं शाळा. काळा निघाला तं शाळेचं नाव काढाचं नाही."

वीस दिवसांनी साय धरली. दिवाळीच्या आदल्या दिवशी वच्छलेनं गुपचूप चहा करून पाहिला. लालबुंद! ती चुलीपाशीच नाचली.

दिवाळीच्या सकाळी ती नदीवरून आली, तर मडकं लख्ख, उन्हात पालथं.

"केवढं शेवाळ साचलं होतं वं पोरी!" केसरकाकू, तिची मोठी चुलती, कौतुकानं म्हणाली. "राखेनं घासलं. वाळू दहा पान्यानं धुतली."

वच्छलेनं घाईघाईनं मडक्यात तीच वाळू भरली आणि पाणी गाळायला ठेवलं.

चहा काळा निघाला. भैय्याजींनी कप बाजूला सारला. "बाई गेली नागपूरले, अन् तिचं शास्तरबी गेलं."

"बा, काल लाल होता! काकूनं साय घासली. वीस दिवस दे. पुन्हा धरते."

"तवरिक शाळेतलं नाव कटते. अन् पानी कोन आनीन?"

वच्छलेपुढं चारी बाजूंनी भिंतच.

काकूनं हातातला काथ्याचा घासा चुलीत टाकला. "म्या आनीन."

"वयनी, तुमचे गुडघे..."

"गुडघे माहे हायेत, भाऊजी. साय म्याच घासली ना?"

"वीसच दिवस शाळेत जाय. मंग पुन्हा चहा पिऊन पाहीन," भैय्याजी म्हणाले, आणि उठले.

वच्छला न्हाणीकडे धावली. मोरीच्या दगडाला थोडी साय अजून चिकटून होती. तिनं ती ओंजळीत उचलली आणि धुतलेल्या वाळूवर हळूच ठेवली.

सुटी संपली. आता घंटा वर्गाच्या आतून ऐकू येत होती. पण वच्छलेचं लक्ष कुठं फळ्यावर? खिडकीतून पलीकडचा सावरगावचा काठ दिसायचा. चढावर काकू दर दहा पावलांनी थांबायची, गुंड खाली ठेवायची, गुडघा चोळायची.

वच्छलेनं बाकाखाली बोटांवर दिवस मोजले. साय धरायला अजून तेरा दिवस.

काकूनं गुंड पुन्हा कमरेवर घेतला.