दीपमालानं न घेतलेली शपथ

"बाबा, हार किती आणायचे?"

"पाहुणे जितके, तितके. दोन जास्तीचे असू देत."

अंतरानं कपाळाला हात लावला. शिबिर शाळा बुडवणाऱ्या, मारामाऱ्या करणाऱ्या मुलांसाठी आणि हार पाहुण्यांना!

तिचे बाबा, मंठ्याचे निवृत्त मुख्याध्यापक भालचंद्रराव, पत्नी नीलाबाईंच्या पहिल्या स्मृतिदिनी हे शिबिर घेत होते. नीलाबाई होत्या तेव्हा अशी मुलं ओट्यावर येऊन बसत, शेंगा सोलत बोलत, आणि त्या ऐकून घेत. आता फ्लेक्सवर त्यांचा फोटो होता आणि खाली मोठ्या अक्षरांत ‘बिघडलेल्या मुलांसाठी मार्गदर्शन’. अंतरा त्या बाजूला बघतच नव्हती.

भुजंगराव आपल्या सोळा वर्षांच्या मुलीला, दीपमालाला, घेऊन आले. ती दहावीला गणितात नापास होऊन पुन्हा बसलेली, आणि परवाच तिनं वर्गातल्या एका मुलाचा दात पाडला होता.

"गुरुजी, आज सुधरली तर बराबर. न्हाईतर मंग शाळा बंद! लोकायची माफी मागून मागून थकलो मी."

स्वागत, परिचय, शाल, श्रीफळ यांतच दुपार झाली. मुलं मंडपात उकडून निघाली. मग एकेकानं व्यासपीठावर येऊन चूक कबूल करायची आणि शपथ घ्यायची, असा कार्यक्रम. मुलं भराभर कबूल करून मोकळी होत होती. टाळ्या पडत होत्या.

दीपमाला माईकपाशी आली. "मी न्हाई घेणार शपथ. त्यो मला रोज सगळ्यांसमोर ‘नापास म्हैस’ म्हणतो, ते कुणी विचारलं का?"

मंडप खदाखदा हसला. ती उतरून तरातरा बाहेर गेली.

"बघितलं, गुरुजी?" भुजंगराव उठले. "उद्यापासून घरी बसंल ही."

"उद्धट मुलगी! एवढी माणसं बोलावली..." भालचंद्ररावांचा पारा चढला.

"बाबा, पुरे!" अंतराला राहवलं नाही. "आईनं कधी कुणाला चारचौघांत असं उभं केलं होतं? आपण मोठी माणसं आपल्या चुका कबूल करतो का माईकवर? सकाळपासून त्या मुलीशी एक वाक्य तरी बोललात?"

भालचंद्ररावांनी आठवून पाहिलं. खरंच, एकही नाही! त्यांनी गळ्यातला हार काढून खुर्चीवर ठेवला.

दीपमाला पाण्याच्या टाकीपाशी तोंड धूत होती. भालचंद्रराव तिच्यापाशी गेले.

"तुला काय चांगलं जमतं गं?"

"काहीच न्हाई."

ते तिथंच उभे राहिले. बऱ्याच वेळानं ती म्हणाली, "कबड्डी. पण सर म्हणले, आधी पास हो, मंग टीममध्ये ये."

"रविवारी लहान मुलींना शिकवशील? तुझं गणित मी घेतो."

"शपथ घ्यावी लागंल?"

"नको. वेळेवर ये म्हणजे झालं."

मागे भुजंगराव उभे होते. "परीक्षेपर्यंत थांबा," भालचंद्रराव त्यांना म्हणाले. "तोवर तिच्यासाठी माफी मागायची वेळ आली, तर मी मागेन."

"...बरं. परीक्षेपर्यंत."

रविवारी मैदानावर दीपमालाचा आवाज खणखणत होता. कुंपणापाशी भुजंगराव ओरडत होते, "अगं, पाय धर तिचा, पाय!"

वाचकहो, अशा दीपमाला तुमच्याही गल्लीत आहेत. त्यांना बिघडलेलं ठरवण्याआधी त्यांच्यापाशी थांबा, विचारा, उत्तर येईपर्यंत धीर धरा. भाषणं ऐकून कुणाचा आत्मविश्वास वाढत नाही. कुणीतरी विश्वासानं काम सोपवलं, की मूल आपोआप ताठ उभं राहतं!