ओली खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी, घडीची लाकडी खुर्ची आहे. बसण्याआधी जरा हात लावून बघा. मी आज पुन्हा ओली आहे.

एका सुताराने मला रहिवासी मंडळासाठी बनवलं. मंडळ म्हणजे गल्लीतली चार कामाची माणसं, बाकीची चहापुरती. त्यातल्या शिंपीणबाईंची मुलगी, चिमी, माझ्यावर बसून सारखे पाय हलवायची. एकदा पाइपलाइनसाठी खोदलेला खड्डा कुंपणाविना तसाच राहिला, पाण्याने भरला आणि चिमी त्यात बुडाली.

आधी कुंपण, मग खोदकाम, असा नियम साऱ्या शहरासाठी झालाच पाहिजे, असं मंडळाने ठरवलं. नगरपालिकेतल्या प्रत्येक सुनावणीला शिंपीणबाई मला काखेत मारून नेत आणि आपल्या शेजारी रिकामी मांडत. लोकांना मी रिकामी दिसायचे. मला मात्र वजन जाणवायचं, हलणारे पायही जाणवायचे. भीती वाटायची आणि खरं सांगते, बरंही वाटायचं.

सुनावणी घेणारे साहेब दर वेळी पुढची तारीख देत. मंडळही चिवट. हळूहळू दुसऱ्या गल्ल्यांची मंडळं येऊन मिळाली आणि दालन भरू लागलं. एकदा त्या गर्दीत साहेबांचीच खुर्ची कुणीतरी उचलून नेली. ते वैतागून माझ्यावर बसले आणि ताडकन उठले.

"अरे, हिच्यावर पाणी कुणी सांडलं?"

"आत्ताच पुसली होती की साहेब," शिपाई म्हणाला.

"तिथे माझी चिमी बसते," शिंपीणबाई शांतपणे म्हणाल्या. "तुम्ही बसा. ती सरकेल."

साहेब उभेच राहिले. त्या दिवशी त्यांनी पुढची तारीख दिली नाही. मंडळांना सोबत घेऊन नियमाचा मसुदा लिहिला आणि तो सभेत मंजूर झाला.

माझं फार कौतुक झालं. मग जो तो आपापल्या कामाला लागला. शिंपीणबाई गेल्या, मंडळ थंडावलं, मी माळ्यावर पडले. नियम कागदावर आहे, पण तो पाळला जातो का, हे विचारायला कुणी उरलं नाही. इतकी वर्षं मी अगदी कोरडी होते.

आज सकाळी खाली कुदळी वाजल्या आणि माझी बैठक ओली झाली. माळ्याच्या खिडकीतून नवा खड्डा दिसतो. कुंपण नाही. अजून त्यात कुणी पडलेलं नाही. माझ्यावरचे पाय मात्र जोरजोरात हलत आहेत.

मित्रांनो, मला पुसत बसू नका. मंडळाला हाक मारा आणि मला खाली काढा. माझ्यावर आणखी एकाला जागा नाही.