राहतं घर

शहाण्णव साली माझ्या दादाला पहिल्यांदा त्याच्याच घरातून खाली पाठवलं, तेव्हा मी तिथे सोफ्यावर बसले होते. रविवारची सकाळ होती. बाराव्या मजल्यावरच्या त्या फ्लॅटमध्ये दादा-वहिनी नुकतेच राहायला आले होते. वहिनीच्या कंपनीतले विक्रीचे साहेब दारात उभे. गळ्यात टाय, हातात किल्ल्यांचा जुडगा. दादा त्यांना टायसाहेबच म्हणायचा.

"काका, रागावू नका," ते म्हणाले, "पण तुम्ही उभे राहिलात की खोली लहान दिसते."

दादाला ती थट्टा वाटली. "मग बसतो की."

"बसलात तरी दिसते हो."

सगळेच हसले. दादाही हसला, पायात चपला सरकवल्या आणि लिफ्टने खाली गेला. पाठोपाठ गिऱ्हाईक वर आलं.

दादा सहा फूट दोन इंच उंच होता. पाणीखात्यात व्हॉल्व्ह उघडण्या-मिटण्यात त्याची सगळी नोकरी सरली होती, आता तो निवृत्त होता. दारं ठेंगणी आणि आपण उंच, हे त्याने लहानपणीच मान्य करून टाकलं होतं. मोकळ्या मैदानातही तो मान जराशी वाकवून चालायचा.

वहिनीचं काम सॅम्पल फ्लॅट दाखवण्याचं. इमारत अजून खड्ड्यात असते, तेव्हा तिच्या शेजारी एक नमुन्याचं घर थाटतात. त्यातला पलंग वीतभर आखूड, कपाट उथळ, जेवणाच्या टेबलाभोवती शाळकरी पोरांना शोभतील अशा खुर्च्या. आतल्या खोल्यांना दारंच नाहीत, कारण दार उघडलं की जागा खातं. एक भिंत आरशाची. माणूस आत शिरतो आणि म्हणतो, केवढी ऐसपैस खोली! वहिनीला यातलं सगळं ठाऊक होतं. सुताराच्या डोक्यावर उभं राहून तिनेच ते सामान करून घेतलं होतं. आणि तरी ती त्या घराच्या प्रेमात पडली. एका खोलीत सात जणांत वाढलेली बाई. दिवसभर तिथले पडदे सारखे करायची, अभ्रे ताणायची, आणि संध्याकाळी कुलूप लावून जुन्या घरी आली की गप्प गप्प असायची.

कंपनीने तिला सवलतीत फ्लॅट दिला तो एका अटीवर. शेजारची दुसरी इमारत विकून संपेपर्यंत हे घर गिऱ्हाइकांना दाखवायचं. नमुना पाहून लोकांच्या मनात शंका येते, माणसं राहत असलेलं घर पाहिलं की ती उरत नाही. अट मोडली तर फ्लॅट कंपनीकडे परत. सॅम्पल फ्लॅट मोडला तेव्हा वहिनीने त्यातलं झाडून सगळं सामान वर आणलं. "या खोल्यांच्या मापाचं आहे," म्हणाली.

दादाच्या मापाचं ते नव्हतं. तो गुडघे पोटाशी घेऊन झोपायचा. "चिमणे," मला म्हणायचा, "या वयात पुन्हा आईच्या पोटात शिरल्यासारखं वाटतं बघ."

आधी रविवार होता, मग शनिवारही आला, पुढे कुठल्याही वारी माणसं येऊ लागली. टायसाहेबांचा फोन ठेवला की वहिनी नुसती दादाकडे बघायची. तो पेपरची घडी घालून उठायचा आणि खाली पार्किंगमध्ये, जनरेटरच्या खोलीशेजारच्या कट्ट्यावर जाऊन बसायचा. मागे वहिनी त्याचे बूट उचलून माळ्यावर टाकायची. एवढ्या पावलांचा माणूस इथे कुठे मावतो, असं कुणाला वाटायला नको.

दुसऱ्या हिवाळ्यातली गोष्ट. मी दोन दिवस त्यांच्याकडे राहायला गेले होते. सकाळी फोन आला. दादा पांघरूण घेऊन बसला होता.

"आज नको गं," तो वहिनीला म्हणाला. "अंगात कणकण आहे."

"अर्धा तास फक्त. नवरा-बायको यायचेत, घ्यायचंच म्हणून येताहेत."

"आतल्या खोलीत पडून राहतो."

"अहो, आतलीच खोली तर बघायची असते."

मला राहवलं नाही. "वहिनी, ताप आहे त्याला. आजचा दिवस राहू दे ना."

"वन्सं, मला दिसत नाही का?" ती माझ्यावर उसळली, पण डोळे भरून आले होते तिचे. "किती थोडे फ्लॅट उरलेत! ते गेले की घर आपलं. मग झोपू देत दिवसभर, नाही कोण म्हणतंय? आता सगळं हातचं घालवू का?"

"भांडू नका गं," दादा म्हणाला. शाल गुंडाळून तो गेला.

आलेली माणसं चांगली होती. बायको हसरी, नवरा तरुण आणि उंचापुरा. वहिनी बोलायला लागली की ऐकत राहावंसं वाटायचं. सकाळचं ऊन कुठे पडतं, पाहुणे आले तर गादी कुठे घालायची, म्हातारपणी खिडकीशी खुर्ची टाकून कसं बसायचं, सगळं ती समोर उभं करायची. उंच मुलाने गमतीत पलंगावर अंग टाकलं. त्याच्या पोटऱ्या बाहेर लोंबकळल्या.

"मावशी," बायको खिदळत म्हणाली, "काका कसे हो मावतात यावर?"

"ते ना?" वहिनी क्षणभरही अडखळली नाही. "ते माझ्याएवढेच आहेत. उलट त्यांना पलंग मोठाच होतो."

बोलणं संपतंय तोच दारात सावली पडली. दार उघडंच होतं. खाली हुडहुडी असह्य झाली असावी, म्हणून दादा वर आला होता. चौकटीला धरून उभा, डोकं वरच्या लाकडाला टेकलेलं, शाल अर्धी जमिनीवर. त्याने सगळं ऐकलं होतं, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

टायसाहेब पटकन पुढे झाले. "कोण हवंय आपल्याला?"

खोलीत सगळे दादाकडे बघत होते. मी वहिनीकडे पाहिलं. तिच्या मुठीत पडद्याची कड होती.

दादाने तिला पुरेसा वेळ दिला. मग म्हणाला, "मजला चुकला वाटतं माझा. माफ करा हं."

मी धावत त्याला जिन्यापाशी गाठलं तेव्हा तो कठड्याला टेकून उभा होता. अंग नुसतं भाजत होतं. "चिमणे, तुझ्याकडे घेऊन चल मला," एवढंच बोलला.

माझं घर म्हणजे दोन खोल्या. त्याला जमिनीवर गादी घालून दिली. ताप आठवड्यात उतरला, पण परत जाण्याचा विषय त्याने काढला नाही. वहिनी दर रविवारी संध्याकाळी, गिऱ्हाइकं संपली की बसने यायची, त्याच्या उशाशी बसायची. त्या सकाळबद्दल दोघांनी कधी अवाक्षर काढलं नाही.

"कुठवर आलं?" तो विचारायचा.

"नववा मजला पुरा विकला गेला," ती सांगायची.

"छान, छान."

पुढच्या पावसाळ्यात शेवटचा फ्लॅट गेला, त्याच दुपारी ती धापा टाकत आली. "चला, आता कुणी यायचं नाही. घर आपलं झालं."

तो मुकाट्याने उठला. पिशवी घेऊन मीही बरोबर गेले. वहिनीने कुलूप काढलं, लगबगीने आत जाऊन दिवे लावले, पंखा लावला. मागे वळून बघते तर दादा अजून पायपुसण्यावरच.

"येऊ का?" त्याने विचारलं. त्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं.

वहिनीने त्याच आठवड्यात पुऱ्या मापाचा पलंग आणला. तो आत घालण्यासाठी खोलीचं दार उतरवावं लागलं. त्यावर दादा जेमतेम दीड वर्ष झोपला. झोपेतच गेला.

तो उंच मुलगा आणि त्याची बायको शेजारच्या इमारतीत सातव्या मजल्यावर राहिली. त्यांना जुळी झाली, म्हणून पुढे मोठं घर घेऊन गेली. टायसाहेबांनी दुसऱ्या गावी स्वतःची कंपनी काढली. चांगलं चाललंय म्हणतात.

दादा गेल्यावर वर्षभरात वहिनीने तो फ्लॅट विकायला काढला. तिच्यासारखी घर विकणारी बाई नाही, तेव्हा हातोहात जाईल असं मला वाटलं होतं. पण महिने गेले. एकदा दलालच माझ्याकडे तक्रार घेऊन आला. "तुमच्या वहिनी तोंडच उघडत नाहीत हो. माणसं आली की उठतात आणि खाली जाऊन बसतात."