हात वर, टोप मुठीत

मी केसांचा टोप बोलतोय. एका कारागिराने जाळीवर एकेक केस ओवून मला घडवलं आणि चष्म्याच्या दुकानाचे मालक असलेल्या काकांनी मला विकत घेतलं.

पहिल्या दिवशी काका डोक्यावर दुधाचं पातेलं असल्यासारखे चालले. पण आठवड्याभरात मान, खांदे आणि पाठ यांनी आपसात काय ते ठरवून टाकलं. काका वाकले की मान आपसूक मला सांभाळून घ्यायची. मी आहे हे काकाही विसरले.

मग एके सकाळी काकांच्या मेंदूतली रक्तवाहिनी तुंबली. उजवं अंग लुळं पडलं. काही महिन्यांनी हात उचलता यायला लागला, पण स्नायू वेगवेगळं काम करायचंच विसरले होते. खांदा उचलला की कोपर वाकायचं, लगोलग मूठ मिटायची.

काका दुकानात परतले. गिऱ्हाइकाला बघून त्यांनी रामराम करायला हात वर केला आणि मी थेट मुठीत! समोर तुळतुळीत टक्कल. गिऱ्हाइकाला वाटलं, इथली रीतच असेल. त्याने टोपी काढली. मागच्याने चष्मा काढला. एका आजोबांकडे काढण्यासारखं काहीच नव्हतं, त्यांनी कवळी काढून अदबीने हातात धरली.

"उद्यापासून टोप नको," काकू घरी म्हणाल्या.

"मग हातही बांधून ठेव!" काका कधी नव्हे ते ओरडले.

काकांना व्यायाम शिकवायला दवाखान्यातून येणारी मुलगी मात्र म्हणाली, "टोप टेबलावर ठेवा. हाताचं वजन टेबलावर टाका आणि मूठ न मिटता टोप काकूंकडे सरकवा."

झालं! रोज मी टेबलावरून मांजरासारखा सरपटायचो. काकू मला परत ढकलायच्या. हळूहळू कोपर सरळ व्हायला लागलं. मग त्या मुलीने हात टेबलावरून उचलून हवेतच तसा पुढे न्यायला लावला.

एकदा मी काकांच्या डोक्यावर असताना काकू बाजारात निघाल्या. काकांनी हात वर केला. कोपर थरथरत उघडलं, बोटं सुटली, आणि हात मला न शिवता पुढे गेला.

"काय हवंय?" काकूंनी विचारलं.

"काही नाही. टाटा करत होतो."

काकू पिशवी घेऊन दारातच खाली बसल्या. बाजार राहिला.

टेबलावर घासून आता मलाच टक्कल पडलंय. तरी काका मला उजव्याच हाताने घालतात. वेळ लागतो, कधी पुढचं मागे होतं. दुकानात आलात आणि मी उलटा दिसलो, तर सरळ करायला धावू नका. जरा थांबा. ते करताहेत.