गळा आत, गिटार बाहेर

आमच्या चर्चमध्ये वाद्य चालत नाही. पियानो नाही, ऑर्गन नाही, टाळीसुद्धा नाही. देवानं माणसाला गळा दिलाय, तेवढा बास, असं टेनेसीतलं आमचं अख्खं गाव मानतं. सूर धरायला लाइलमामा एक छोटी पिपाणी फुंकतो, पण ते म्हणे वाद्य नाही, अवजार आहे. पाना-पकडीसारखं.

अशा गावात मी गिटार उचलली. मामा चर्चचा मोठा पंच. म्हणाला, "एक तर ते लाकूड, नाहीतर आम्ही." मी लाकूड घेऊन नॅशव्हिल गाठलं. बंडच ते. पुढे त्या बंडाचं असं झालं, की मी बारच्या कोपऱ्यात देव, दारू आणि सोडून गेलेल्या बायकांची गाणी म्हणायचो आणि लोक माझ्या डोक्यावरच्या टीव्हीत फुटबॉल बघायचे. एकदा गाणं संपताच सगळे उभे राहून ओरडले. मी छातीवर हात ठेवून वाकलो. टीव्हीत त्यांच्या संघाचा टचडाऊन झाला होता.

आणि मग आई गेली. जाताना माझ्या बहिणीला, नोव्हेलाला, सांगून गेली: हार्लननं, म्हणजे मी, तिच्या अंत्यविधीला गिटार वाजवायची. चर्चमध्येच.

"औषधं डोक्यात गेली होती तिच्या," मामा म्हणाला. आई त्याची धाकटी बहीण.

"मामा, तिनं जन्मात एवढंच मागितलंय."

"देवाकडे मागायचं. तो नाही म्हणाला असता, विषय संपला असता."

पंचांची बैठक बसली. कॉफी झाली, ॲपल पाय खाऊन झाला, पुन्हा कॉफी झाली. मग मामा बाहेर आला. "गळा आत, गिटार बाहेर."

"म्हणजे काय?"

"खिडकीतून डोकं आत घाल. हात बाहेर ठेव. गाणं चर्चमध्ये होईल, वाजवणं गवतात."

"आणि गिटारचा आवाज आत आला तर?"

"ट्रॅक्टरचाही येतो. त्याला आम्ही काय करणार?"

म्हणून आईच्या अंत्यविधीला मी काळा कोट घालून भिंतीलगतच्या झुडपात उभा. खिडकी खालून वर सरकणारी, जुनी, जड. तिच्याखाली गाण्यांचं एक जाड पुस्तक उभं करून टेकू दिलेला. मी डोकं आत घातलं. समोरच आईची शवपेटी.

आधी सगळ्यांनी गायचं होतं. मामानं अवजार फुंकलं आणि चार सुरांत गाणं उठलं. आई कायम डावीकडच्या पहिल्या बाकावरून खालच्या पट्टीत गायची. त्या बाकावरून आज काहीच आलं नाही. बाकीचे सूर त्या जागेच्या आजूबाजूनं गेले. देवावरचा विश्वास मी कुठल्या बारमध्ये विसरलो ते आठवत नाही. पण ती रिकामी जागा मला झोपेतही ओळखू आली असती.

मग माझी पाळी. मी पहिली तार छेडली, जरा पुढे झुकलो, पुस्तक सटकलं आणि खिडकी दाणकन माझ्या पाठीवर.

"अगं आई गं!" मी ओरडलो. थेट पेटीकडे बघून.

नोव्हेला रुमालात तोंड खुपसून हसत होती की रडत होती, कळेना. मामा धावत आला, दोन्ही हातांनी खिडकी वर उचलली.

"टेकू आणा कुणीतरी!"

कुणी हललं नाही. पुस्तक बाहेर झुडपात पडलेलं, आणि गिटारवाल्याला टेकू देण्याचं पाप कोण घेणार? सगळे आपापले बूट बघत बसले.

"सोड मामा. राहू दे."

"वाजव."

"अरे, पण तू..."

"मी खिडकी धरलीय. गिटार ऐकत नाहीये. वाजव म्हणतो ना!"

शेंगा सोलताना आई जे गाणं म्हणायची, ते मी सुरू केलं. पाठ ठणकत होती, बोटं चुकत होती. बारमध्ये यापेक्षा बरं वाजवलंय मी, कुणीही ऐकत नसताना. इथे सगळे ऐकत होते आणि एकालाही सोबत गाता येत नव्हतं, कारण बाहेर गिटार होती.

"आटप रे, हात भरून आलेत," मामा पुटपुटला.

मी मान वळवून वर पाहिलं. त्याचे दंड थरथरत होते. डोळ्यांतलं पाणी नाकावरून, हनुवटीवरून खाली टायवर पडत होतं आणि ते पुसायला त्याचा एकही हात मोकळा नव्हता.

शेवटचं कडवं मी पुन्हा म्हटलं. मग परत एकदा. गाणं संपलं की पेटी उचलणार होते. मामानंही पुन्हा आटप म्हटलं नाही.